शिक्का नसलेलं मशीन

मंगळवार, ९ तारीख

चव्वेचाळीस! पंचेचाळीस हवे होते. एकाने गेलं.

पोरगी काल रात्री जन्मली. अजून चोवीस तास व्हायचेत, आणि तिची परीक्षा सुरू! मला गरोदरपणात साखर झाली होती, म्हणून आता तिची साखर घसरू शकते म्हणे. पोटात होती तेव्हा माझी जास्तीची साखर तिला फुकट मिळत होती. बाहेर आली आणि पुरवठा बंद. पण अंगाला उधळायची सवय लागलेली, ती एका दिवसात कशी जाणार? म्हणून दर पाजण्याआधी, म्हणजे साधारण तीन तासांनी, टाचेला सुई. एक थेंब रक्त, एक पट्टी, एक मुठीएवढं मशीन. पाच सेकंद थांबायचं. त्या पाच सेकंदांत मी जन्मात केलेल्या सगळ्या पापांची उजळणी करते.

नियम मोठ्या सिस्टरांनी समजावला. ओळीने तीन वेळा पंचेचाळीस किंवा वर आलं की सुटका. मध्ये एकदा जरी खाली गेलं की पहिल्यापासून. आणि सारखंच खाली जायला लागलं तर काचेची खोली. ती वॉर्डाच्या टोकाला आहे. आत नळ्या लावलेली बाळं, बाहेर काचेला नाक लावून उभ्या असलेल्या आया. सकाळी टाके सांभाळत बाथरूमला गेले तेव्हा एक जण दिसली. काचेवर बोटाने काहीतरी दाखवत होती, आत बाळ झोपलेलं. मला तिथे उभं राहायचं नाही. माझं एवढंच मागणं आहे, बाकी काही नाही.

काल जन्मल्यावर अडतीस. गालाच्या आतून साखरेची जेल चोळली, दूध पाजलं. मग बावन्न. मग एकोणपन्नास — मी टाके विसरून उठून बसले. आणि मग हे चव्वेचाळीस!

नवरोबा सिस्टरांना म्हणाला, "एक ग्रेस मार्क द्या ना, सिस्टर."

त्या हसल्या नाहीत. मी हसले आणि टाके दुखले. मी नववीला गणित शिकवते. एका मार्काने किती पोरांना बसवलंय! त्यांच्या आयांचे तळतळाट आज एकरकमी पोचले.

मंगळवार, संध्याकाळ

नवरोबा घरच्या ग्रुपवर आकडे टाकतोय. सांगूनही ऐकत नाही. चुलत दिराने चव्वेचाळीसला टाळ्या वाजवल्या. मोठ्या काकांनी विचारलं, "बाकीच्या मुलांना किती पडले?" आत्याबाईंचं वेगळंच — "सगळीकडे पस्तीसला पास करतात, इथेच पंचेचाळीस का? वरच्या साहेबांना भेटा."

माझ्या आईचा फोन. "तू काही गोड खाल्लंस का गं?" म्हटलं आई, सुई तिला टोचतात, मला नाही. "तरी पण," आई म्हणाली.

बाळाला नाव अजून नाही. मोठ्या सिस्टर तिला पैलवान म्हणतात. चार किलो दोनशे! शेजारच्या खाटेवरचं बाळ पावणेदोन किलोचं, मुठीत मावेल असं, आणि त्याची साखर साठच्या खाली उतरायला तयार नाही. आमचं आपलं बडा घर पोकळ वासा. शेजारीण बिचारी आकडा सांगताना खाली बघते, जसं काही तिच्या पोराने कॉपी केलीय.

दुपारचा आकडा पन्नास. म्हणजे एक झाला. आताचा त्रेचाळीस. म्हणजे शून्य. पुन्हा जेल.

बुधवार, १० तारीख

रात्रभर आकडे वर-खाली; पहाटे चव्वेचाळीस, नुसत्या दुधावर भागलं, पण मोजणी पुन्हा शून्य. सकाळी सासरे आले.

सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच — ते, हा आणि मी. सासरे छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांवर छापे घालायचे, तराजू उलटे करून तळाला चिकटवलेलं मेण शोधायचे, काटे जप्त करायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीतला भाजीवाला त्यांना बघून दोन बटाटे जास्तीचे टाकतो. माणूस लबाड नाही, दुष्ट नाही. पण जगात आपण सोडून सगळे मापात पाप करतात यावर त्यांची श्रद्धा आहे.

आल्या आल्या पाळण्यात वाकून बघितलं. नातीला म्हणाले, "आमच्या घरात कुणाला साखर नाही हो. ही तुझ्या आजोळची." मी गप्प बसले. सहा महिने गप्पच बसलेय. मग त्यांनी माझा पाण्याचा जग उचलून एका दमात रिकामा केला, भरून आणला, आणि येता येता तोही अर्धा संपवला.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर मशीन घेऊन आल्या. टाच शेकली, पुसली, सुई टोचली. पोरगी किंचाळली. पहिला थेंब पुसला, दुसरा पट्टीला लावला.

एक्कावन्न! एक.

सासऱ्यांनी मशीन मागून घेतलं. उलटं केलं. सुलटं केलं. कानाशी हलवून बघितलं.

"शिक्का कुठंय?"

"कसला शिक्का, आजोबा?"

"पडताळणीचा! कांदे-बटाटे तोलायच्या काट्याला दर वर्षी शिक्का लागतो. इथे तुम्ही माझी नात तोलताय."

सिस्टर म्हणाल्या, रोज सकाळी कंपनीचं औषध घालून आम्हीच तपासतो. झालं! सासऱ्यांचे डोळे चमकले. छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती दुकानदारांच्या तोंडून ऐकलं असेल. "तुमचंच मशीन, तुमचंच औषध, आणि तपासणार पण तुम्हीच? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. या बाबतीत तो लहानपणापासून खिडकीबाहेर बघतो.

बुधवार, दुपार

सत्तेचाळीस! दोन!! एकच राहिला. तीन वाजता तिसरा. देवा, फक्त एक.

बुधवार, चार वाजता

लिहून काढते. नाहीतर कुणावर तरी जग फेकीन.

बाराच्या आकड्यानंतर सासरे सिस्टरांना म्हणाले, "यंत्राची परीक्षा घ्यायची तर माहीत असलेल्या मालावर घ्यावी. मी माहीत असलेला माल. ठणठणीत. रोज सकाळी चार किलोमीटर चालतो, एक गोळी सुद्धा चालू नाही. माझ्यावर करा." सिस्टर नको नको म्हणाल्या. शेवटी कटकट टळावी म्हणून त्यांचं बोट टोचलं.

तीनशे एक्क्याण्णव.

सिस्टर आकड्याकडे बघत राहिल्या. "आजोबा, हे बरोबर दिसत नाही. तुम्ही जरा—"

"तेच म्हणतोय मी! बरोबर नाहीच!" सासरे टाळी वाजवून म्हणाले. "मला एवढी साखर असती तर मी इथे उभा असतो का?"

सिस्टरांनी हात धुऊन स्वतःचं बोट टोचलं. शहाण्णव. मला वाटलं, मिटलं. कुठचं मिटतंय! "एकाला खरं आणि एकाला खोटं? अहो, कायम खोटं तोलणारा परवडला. अधूनमधून खरं तोलणारा दुकानदार सगळ्यात बेरकी." सिस्टर परत म्हणाल्या, आजोबा, तुम्ही एकदा रक्त तपासून घ्या. ते म्हणाले, "मला नको, ह्याला तपासा." आणि मी काय केलं? हसले. मलाही वाटलं, तीनशे एक्क्याण्णव म्हणजे कैच्या काय. इतक्या वर्षांचा निरीक्षक बोलतोय म्हटल्यावर सगळ्या खोलीलाच तसं वाटलं.

अडीच वाजता त्यांनी पिशवी उघडली. आत तार, शिशाची गोळी आणि चिमटा!! निवृत्त होताना हे सामान जमा करायचं नसतं का? विचारलं, तर म्हणाले, "एक संच चुकून राहिला." सिस्टरांनी टेबलावर ठेवलेल्या मशीनला उभी-आडवी तार बांधून सील ठोकलं. पंचनामा केला. पंच म्हणून शेजारणीचा नवरा आणि लिफ्ट चालवणारे. लिफ्टवाल्यांनी सही करताना विचारलं, "यात कोण मेलंय?"

तीन वाजता पैलवान भुकेने रडायला लागली आणि सिस्टर हातात तार बांधलेलं मशीन घेऊन उभ्या. कात्रीला हात लावला तर सासरे म्हणाले, सील तोडणं गुन्हा आहे. कुठल्या कायद्याने ते त्यांनाही माहीत नसावं, पण आवाज असा की सिस्टरांनी कात्री खाली ठेवली. खालच्या मजल्यावरून दुसरं मशीन यायला अर्धा तास गेला. अर्धा तास! आधीच साखर कमी, त्यात उपाशी पोर. माझं दूध आपोआप वाहत होतं आणि पाजायचं नाही, कारण आधी मोजायचं. शेवटी आलं ते मशीन.

एकोणपन्नास. तीन! मी रडले. शेजारीण रडली. नवऱ्याने ग्रुपवर 'उत्तीर्ण' टाकलंसुद्धा.

मग डॉक्टरीणबाई आल्या, हातात अधीक्षकांचं पत्रक. सासरे मधल्या वेळात खाली जाऊन पाच पानी तक्रार देऊन आले होते! मशीन क्रमांक चार संशयास्पद, पडताळणी होईपर्यंत त्यावरचे सर्व आकडे स्थगित.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे एक्कावन्न आणि सत्तेचाळीस धरता येत नाहीत. मशीन जास्त दाखवत असेल तर खरे आकडे कमी असतील. मी धोका नाही घेणार." मग थांबून म्हणाल्या, "आता फक्त एकच झालाय. अजून दोन हवेत. आणि जेल दोनदा देऊन झालीय. यापुढे एकदा जरी पंचेचाळीसच्या खाली गेली, तर काचेच्या खोलीत घेऊन सलाइन लावावं लागेल."

पास झालेल्या पोराला सख्ख्या आजोबाने फेरपरीक्षेला बसवलं!

मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही घरी जा." लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, "तुम्हाला नात नकोय, तुम्हाला जप्ती हवीय. घरी जा आणि घरातलं पीठ तोला." खूप वाईट बोलले. बरंही वाटलं.

त्यांनी चिमटा पिशवीत ठेवला. निघाले. दारातून परत फिरले. वाटलं, काहीतरी बोलतील. जग उचलला, उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायले आणि गेले.

बुधवार, साडेसहा

सेहेचाळीस. दोन. पुढचा साडेनऊला.

गुरुवार, ११ तारीख

काल काय काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

साडेसातला डॉक्टरीणबाई परत आल्या. सेहेचाळीस त्यांना आवडले नव्हते. "काठावर आहे. एवढ्यावर मला भरवसा वाटेना, आणि चार नंबरवर तुमच्या सासऱ्यांना वाटत नाही. बाळाच्या हातातून थोडं रक्त काढून लॅबला पाठवू आणि चार नंबरवर पण लावून बघू. शहानिशा होऊन जाईल." म्हणजे टाच नाही, शीर. एवढ्याशा हाताची शीर शोधायची. मी पोरीला छातीशी धरलं आणि देईना. खरंच देईना. सिस्टर समजावत होत्या.

"तिचं नको. माझं घ्या."

दारात सासरे! घरी गेलेच नव्हते. चार वाजल्यापासून लिफ्टसमोरच्या बाकावर बसून होते. नवऱ्याला माहीत होतं, त्याने मला सांगितलं नाही.

"यंत्रच तपासायचंय ना? मग कुणाचंही रक्त चालेल. माझ्या शिरा जाड आहेत, शोधायला नकोत. तिला सारखं सारखं टोचू नका हो." हे म्हणताना निरीक्षकाचा आवाज नव्हता. मला त्या क्षणी त्यांचा राग धरून ठेवता येईना, आणि सोडवतही नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल. पण सील? सील पंचांसमोरच तुटलं पाहिजे! लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून लिफ्टवाले आले — नाही, अडकवून नाही, पण तसंच काहीतरी, कारण खालून लोक ओरडत होते. शेजारणीच्या नवऱ्याने जेवण अर्धं टाकलं. सासऱ्यांनी चिमट्याने तार तोडली, पंचांनी पाहिलं, कागदावर वेळ घातली. मग त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, रक्त काढलं. त्यातला एक थेंब चार नंबरवर, बाकी नळीत भरून लॅबला.

चार नंबर म्हणालं, तीनशे चौऱ्याहत्तर.

सासरे नुसते हसले. "येऊ दे लॅबचं."

अर्धा तास. सासरे बाकावर ताठ बसलेले. लिफ्टवाले पण थांबले, म्हणाले पंच आहे मी.

कागद आला तो थेट सासऱ्यांच्याच हातात दिला, त्यांनीच मागितला. चष्मा लावला. खिशातून पेन काढलं. वजाबाकी केली.

"तीनशे एकोणसत्तर," ते म्हणाले. "पाचाचा फरक. एवढा फरक चालतो. यंत्र बरोबर आहे."

एकदम ठणठणीत आवाजात म्हणाले. छत्तीस वर्षं ज्या आवाजात म्हटलं असेल, त्याच. पंचनाम्याखाली लिहिलं — तपासले, योग्य आढळले. सही केली. तारीख घातली. मग पेनाला टोपण लावताना ते लागेना. दोनदा प्रयत्न केला. नवरा खिडकीकडचा उठला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.

मोठ्या सिस्टर हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "म्हणजे एक्कावन्न, सत्तेचाळीस, एकोणपन्नास, सेहेचाळीस. चार झाले. तुझी पैलवान साडेतीनलाच सुटली होती गं."

सुटली! काचेची खोली नाही, सलाइन नाही. मला नाचायचं होतं. आणि समोर हा माणूस स्वतःचा आकडा हातात धरून बसलेला.

डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर वाकल्या. "आजोबा, तहान फार लागते का?"

"उन्हाळा आहे."

"कधीपासून?"

त्यांनी हिशेब केला. "दोन वर्षं."

मग जरा सावरून विचारलं, "लॅबच्या यंत्रावर शिक्का आहे ना?" डॉक्टरीणबाई दाखल करायचा कागद भरायला लागल्या. उत्तर त्यांनाही नको होतं बहुतेक.

रात्री त्यांना वरच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात दाखल केलं. लिफ्टवाल्यांनी स्वतः नेलं. मला एकदाही म्हणावंसं वाटलं नाही की बघा, तुमच्या घरात. — खोटं. एकदा वाटलं. पोरीला पाजताना. मग फार लाज वाटली.

शुक्रवार, १२ तारीख

पैलवान पितेय, झोपतेय, रडतेय. टाचेला आता कुणी हात लावत नाही. मीच लावते. दोन्ही टाचांवर बारीक ठिपके आहेत.

ग्रुपवर आता बाबांचे आकडे. नवऱ्याने सकाळी 'तीनशे दहा' टाकलं तर मोठ्या काकांनी अभिनंदन केलं. दुपारी 'दोनशे ऐंशी' टाकलं तर आत्याबाई हळहळल्या — "अरेरे, घसरला." त्याने तासभर समजावलं की इथे कमी पडले तर पास. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "एकाच घरात दोन नियम कसे?" याला काय सांगणार!

बाबांनी वरून चिठ्ठी पाठवली. वाटलं, माझ्या बोलण्याबद्दल काही असेल. चिठ्ठीत एकच ओळ — "सूनबाई, दर वेळी पहिला थेंब पुसतात का, ते बघत जा. इथे पुसतात." ओळीखाली काहीतरी लिहून खोडलं होतं. उजेडाला धरून बघितलं. "दुखतं का तिला" एवढंच वाचता आलं. मी चिठ्ठीची घडी करून उशीखाली ठेवली.

उत्तर पाठवलं — दुखतं, म्हणूनच ओरडते. पण लगेच विसरते.

उद्या आम्हाला सोडणार. बाबांना अजून आठवडा.

शनिवार, १३ तारीख

आम्हाला सोडलं. पोरगी नवऱ्याच्या खांद्यावर दिली आणि वर गेले, बाबांचा निरोप घ्यायला. त्यांच्या पायांची तपासणी चालू होती. डॉक्टरांच्या हातात टाचणी. "डोळे मिटा, आजोबा. टोचलं की 'हो' म्हणा." बाबांनी शहाण्या मुलासारखे डोळे मिटले. डॉक्टरांनी अंगठ्याला टोचलं. करंगळीला. तळव्याला. मग टाचेला, जरा जोरातच. मग दुसऱ्या टाचेला.

बाबा डोळे मिटून तसेच पडलेले. म्हणाले, "करा ना सुरू, डॉक्टर. किती वेळ वाट बघायची?"